सल्ल्याचे मोल आणि फळाचा धनी

सल्ला, निदान, आराखडा किंवा शिकवण अशा मापात न बसणाऱ्या कामाची किंमत दोन रीतींनी ठरवता येते. पहिल्या रीतीत काम करणाऱ्याचा वेळ, प्रवास, साधने आणि उदरनिर्वाह यांचा खर्च मोजून त्यावर काही नफा चढवला जातो; दुसऱ्या रीतीत हा खर्च बाजूला ठेवून काम करवून घेणाऱ्याला त्यापासून किती लाभ होईल याचा अंदाज बांधला जातो आणि त्या लाभाचा एक अंश किंमत म्हणून मागितला जातो. या दुसऱ्या रीतीला मूल्याधारित किंमत म्हणतात आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सल्लागारांना अलीकडे तिचीच शिफारस केली जाते. व्यवसायाचे तंत्र म्हणून तिची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु तिच्या पोटात एक जुना प्रश्न आहे, ज्याला धर्मशास्त्राने, दर्शनांनी आणि संतांनीही आपापल्या परीने हात घातला होता. दुसऱ्याच्या घरी उपजणाऱ्या फळावर, ते उपजवण्यात आपले ज्ञान कारणी लागले एवढ्याच आधाराने हक्क सांगता येतो काय, आणि येत असल्यास तो कोठपर्यंत पोचतो, हा तो प्रश्न होय.

मोबदल्यासाठी मराठीत असलेले शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले, तरी प्रत्येकाच्या मुळाशी मोबदल्याची वेगळी कल्पना आहे. मजुरी आणि रोज हे शब्द वेळेशी बांधलेले आहेत आणि मेहनताना कष्टाशी. मानधन नावाप्रमाणे व्यक्तीच्या मानाशी निगडित आहे आणि म्हणूनच ते मोजून मागण्याचा संकोच त्या शब्दातच मुरलेला आहे. बिदागी गायकाला किंवा शास्त्र्याला निरोप देताना दिली जात असल्यामुळे ती देणाऱ्याच्या संतोषावर अवलंबून राहते. वाटा मात्र थेट फळाशी बांधलेला असून वाटेकरी हा तोट्याचाही वाटेकरी असतो, हे त्यात गृहीत आहे. शेतीच्या व्यवहारात याखेरीज ‘उक्ते’ हा शब्द आहे. कांद्याची लागवड रोजाने न देता उक्ती दिली की टोळीने किती तास काम केले हा प्रश्न मागे पडतो आणि किती रान लागले एवढेच मोजले जाते. या सर्व शब्दांमध्ये मूल्याधारित किंमत वाट्याला सर्वांत जवळची आहे. परंतु पुष्कळदा ती फळ येण्यापूर्वी, केवळ अंदाजावर मागितली जाते आणि फळ आले नाही तरी परत केली जात नाही. वाट्याचा लाभ आणि मजुरीची निश्चिती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागणे हा तिच्यातील पहिला दोष होय, आणि पुढील सर्व विचाराला तेथूनच सुरुवात करावी लागते.

हा प्रश्न अमूर्त राहत नाही असे एक ठिकाण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील देवळा. १९९९ साली स्वतंत्र तालुका झालेला हा प्रदेश गिरणेच्या खोऱ्यात मोडतो आणि कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा यांच्या आद्याक्षरांवरून पडलेल्या ‘कसमादे’ या नावातील शेवटचे अक्षर त्याचे आहे. कांदा आणि डाळिंब ही येथील शेतीची दोन प्रमुख नगदी पिके. डाळिंबाच्या बागेत मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी एक बहार धरला जातो, म्हणजे झाडाचे पाणी तोडून त्याला ताण दिला जातो, पानगळ केली जाते, छाटणी होते आणि मग पहिले पाणी सोडून झाडाला ठरावीक काळात फुलोऱ्यावर आणले जाते. या प्रत्येक टप्प्यावर चूक महाग पडते. जिवाणूंमुळे होणारा तेल्या, ज्यात फळावर तेलकट डाग पडून ते तडकते, आणि उभे झाड वाळवणारा मर रोग यांनी या पट्ट्यातील कित्येक बागा उपटायला लावल्या आहेत. अशा ठिकाणी कृषी पदवी घेतलेला किंवा स्वतःच्या बागेत अनुभव कमावलेला स्वतंत्र सल्लागार बागेत येतो, झाडे पाहतो, वेळापत्रक लिहून देतो आणि बहुधा एकरी किंवा हंगामी फी घेतो. त्याचे पाच मिनिटांचे निदान अख्खा बहार वाचवू शकते. मग फी पाच मिनिटांची असावी की बहाराची?

या प्रश्नाला येथे आणखी एक धार आहे. जो शेतकरी सल्लागाराला मूल्याधारित फी देणार, त्याला स्वतःच्या मालाची किंमत ठरवण्याचा अधिकार नाही. याच तालुक्यातील उमराणे बाजार समितीत कांद्याची गाडी उभी राहते, लिलाव पुकारला जातो आणि मिळेल तो भाव घेऊन शेतकरी परततो. उत्पादनखर्च किती आला हे तेथे कोणी विचारत नाही आणि ग्राहकाच्या ताटात त्या कांद्याचे मोल किती, हेही कोणी विचारत नाही. ज्याला आपल्या श्रमाची ना खर्चाधारित किंमत मागता येते ना मूल्याधारित, त्याच्याकडे मूल्याधारित किंमत मागणे हा दोन समान पक्षांमधला करार नव्हे. शहरातील सल्लागार एखाद्या कंपनीला जो हिशेब मांडून दाखवतो, तो देवळ्याच्या बांधावर जसाच्या तसा लागू होत नाही, तो याच कारणाने.

प्राचीन भारतीय ग्रंथांनी ज्ञानाच्या मोबदल्याविषयी एकच एक भूमिका घेतलेली नाही, ही गोष्ट आधी स्पष्ट करणे जरूर आहे, कारण ‘आपल्या परंपरेत विद्या विकली जात नसे’ असे ठोकळ विधान वारंवार केले जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील धर्मस्थीय या तिसऱ्या अधिकरणात, वेतन आधी बोलून ठरले नसेल तर नांगरणाऱ्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या गुमास्त्याला विकलेल्या मालाचा दहावा भाग द्यावा, असा नियम आहे. तो फळाशी बांधलेल्या मोबदल्याचाच नियम होय. त्याच प्रकरणात कारागीर, नट, वैद्य, वाणीवर उपजीविका करणारे इत्यादींना ‘आशाकारिक’ असा एक वर्ग मानले आहे. आशाकारिक म्हणजे आधी दर न ठरवता योग्य मोबदल्याच्या आशेने काम करणारे. त्यांना तशाच प्रकारचे काम करणाऱ्या दुसऱ्याला जे मिळते ते मिळावे, किंवा त्या विषयातील जाणकार जे ठरवतील ते मिळावे, असे कौटिल्य सांगतो. काम करणारा आणि करवून घेणारा या दोघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या अंदाजावर तो हे मोल सोडत नाही, यात त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. व्यापाऱ्याच्या बाबतीत तो याहून कडक आहे. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० यांपलीकडचा नफा त्याला मान्य नाही. ज्ञानकर्माला त्याने असा शेकड्याचा लगाम घातलेला नाही.

मीमांसा या दर्शनात, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाच्या शास्त्रात, हाच प्रश्न यज्ञाच्या संदर्भात चर्चिला गेला आहे. यज्ञ करणारा यजमान आणि तो यज्ञ प्रत्यक्ष घडवून आणणारे ऋत्विज हे वेगळे असतात. मंत्रज्ञान ऋत्विजांचे, विधीचे कौशल्य त्यांचे, तरीही यज्ञाचे फळ यजमानाला कसे मिळते? मीमांसकांचे उत्तर असे की दक्षिणा हा ऋत्विजांचा परिक्रय, म्हणजे त्यांची सेवा विकत घेण्याचे मोल आहे आणि ती देऊन झाल्यावर फळावर त्यांचा काही अधिकार उरत नाही. ज्योतिष्टोम यज्ञाची दक्षिणा ११२ गायी अशी सांगितलेली आहे. यजमान त्यातून कोणता स्वर्ग मिळवणार याच्या हिशेबाने ती वाढत नाही. फळ यजमानाचे आणि ज्ञानाला ठरलेली दक्षिणा, अशी ही स्वच्छ विभागणी आहे आणि मूल्याधारित किमतीला तिच्याइतका स्पष्ट विरोध दुसरीकडे सापडणे कठीण. तथापि तिचा आधार कर्माच्या ठरीव स्वरूपात आहे, हे विसरता येत नाही. ज्योतिष्टोम कोणाही यजमानासाठी एकाच विधीने होतो. दोन बागा मात्र सारख्या नसतात, दोन वर्षे सारखी नसतात, आणि सल्लागाराच्या ज्ञानाचे सामर्थ्य त्या वेगळेपणाच्या पारखीतच असते.

वैद्यकाने या दोन टोकांच्या मधला मार्ग शोधला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायात, जो धनासाठी किंवा कामनेसाठी नव्हे तर भूतदयेने उपचार करतो त्याला सर्वांत श्रेष्ठ मानले आहे, आणि जे चिकित्सेला बाजारातील माल समजून विकतात ते सोन्याची रास टाकून मातीची रास पदरात घेतात, असे म्हटले आहे. येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच ओघात आलेला दुसरा भाग तितका सांगितला जात नाही: उपचार झालेल्या माणसाने, आधी शब्द दिला असो वा नसो, वैद्याची परतफेड केली नाही तर त्याला त्यातून सुटका नाही. म्हणजे वैद्याने किमतीवर डोळा ठेवून काम करू नये आणि रोग्याने किंमत ठरली नाही म्हणून हात झाडू नयेत, अशी दोन्हीकडून बांधणी आहे. दोन बाजूंच्या या जबाबदाऱ्यांपैकी फक्त पहिली सांगून ज्ञान देणाऱ्याला फुकट राबवण्याची सवय समाजाला लागलेली आहे, आणि फक्त दुसरी सांगून त्याची लूट चालवण्याची सवय आता नव्याने लागते आहे.

मूल्याधारित किमतीच्या प्रश्नाचा गाभा कारणमीमांसेत आहे. लाभाचा अंश मागणारा सल्लागार प्रत्यक्षात एक दावा करीत असतो की तो लाभ आपल्यामुळे झाला. हा दावा कितपत खरा असतो? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, सांख्य सिद्धान्ताचा हवाला देऊन, कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. जो माणूस केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत आहे, असा त्यावरचा निष्कर्ष आहे. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतात. पण हीच पाच कारणे देवळ्याच्या एखाद्या डाळिंब बागेला लावून पाहिली तर ती विलक्षण नेमकी बसतात. अधिष्ठान म्हणजे शेतकऱ्याच्या आजाने राखलेली ती जमीन आणि त्याने स्वतः लावलेली ती झाडे. कर्ता स्वतः शेतकरी, ज्याने कर्ज काढले आणि निर्णयाची जोखीम घेतली. करणे म्हणजे विहीर, शेततळे, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप. चेष्टा म्हणजे छाटणी करणाऱ्या, फळे विरळणाऱ्या, रात्री वीज आली की उठून पाणी भरणाऱ्या माणसांचे श्रम. आणि दैव म्हणजे ऐन फुलोऱ्यात न आलेला पाऊस किंवा काढणीच्या तोंडावर आलेली गारपीट. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा भाव कोसळले. त्या निर्णयाला दैव म्हणणे म्हणजे राज्यकर्त्यांना जबाबदारीतून मोकळे करणे ठरेल, परंतु शेतकरी आणि सल्लागार या दोघांच्या दृष्टीने ती गारपिटीइतकीच हाताबाहेरची गोष्ट होती. या पाचांमध्ये सल्ला कोठे येतो? फार तर तो करणांपैकी एक आहे, किंवा कर्त्याच्या बुद्धीला मिळालेला आधार आहे. सर्व फळ आपलेच मानून त्याचा अंश मागणारा सल्लागार उरलेल्या चार कारणांचा वाटाही आपल्या नावावर लावून घेतो.

न्यायदर्शनाने ही कसोटी आणखी बारीक केली. कार्याच्या आधी हजर असणे आणि कार्याचे कारण असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवण्यासाठी नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ ही संज्ञा घडवली. जे कार्याच्या आधी असते पण ज्याच्यावाचून कार्य अडत नाही, किंवा ज्याचा कार्याशी संबंध दुसऱ्याच कशाच्या तरी द्वारे येतो, ते अन्यथासिद्ध. घट घडवताना दंड, म्हणजे चाक फिरवण्याची काठी, कारण आहे. पण त्या दंडाचा रंग कारण नाही, कुंभाराचा बाप कारण नाही, आणि ज्या गाढवावरून माती आली ते गाढवही कारण नाही, कारण माती दुसऱ्या मार्गाने येऊ शकली असती. सल्ल्याला हीच कसोटी लावावी लागते. ज्या वर्षी हवा कोरडी राहिली आणि साऱ्या शिवारात तेल्या आलाच नाही, त्या वर्षी एका बागेला मिळालेल्या तेल्याविषयक सल्ल्याचे मोल कसे मोजणार? उलट ज्या वर्षी आजूबाजूच्या बागा गेल्या आणि सल्ला पाळलेली बाग उभी राहिली, त्या वर्षी अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असताना कार्य असणे आणि नसताना नसणे, या दोन्हींनी सल्ल्याचे कारणत्व सिद्ध होण्याच्या जवळ जाते. म्हणून मूल्याधारित किमतीचा प्रामाणिक पाया एकूण उत्पन्न हा होऊच शकत नाही. सल्ल्याशिवाय जे आलेच असते ते वजा करून राहिलेला फरक हाच तो पाया.

गृहीत आकडे घेऊन हे सांगता येईल. एखाद्या दोन एकरांच्या बागेत सल्ल्याविना १२ टन फळ निघते आणि सल्ल्यामुळे १६ टन निघाले, तर विचार ४ टनांचा करायचा, १६ टनांचा नव्हे. आणि कौटिल्याचा दहावा भाग प्रमाण मानला तर सल्लागाराचा वाटा ४०० किलोंच्या मोलाइतका होतो. त्या वर्षी बाजारात भाव दुप्पट झाला म्हणून वाढलेल्या पैशावर त्याचा वेगळा हक्क नाही, कारण भाव त्याच्या सल्ल्याने वाढलेला नाही. पण वाटा मालाच्या रूपात ठरला असेल तर भाव चढला की त्याला अधिक आणि पडला की कमी मिळते, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूला, त्याच नशिबात उभा राहतो. नांगरणाऱ्याला पिकाचा आणि गुराख्याला तुपाचा भाग देणाऱ्या जुन्या नियमात, भाग नाण्यात न सांगता वस्तूत सांगण्याने, हीच जोखमीची भागीदारी साधली होती.

येथे गीतेचाच आधार घेऊन एक आक्षेप घेतला जाईल. फळावर दृष्टी ठेवू नये असे जर कर्मयोग सांगतो, तर मोबदलाच फळाशी बांधणे हे त्याच्या विरुद्ध नाही काय? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याचे उत्तर आहे: फलत्याग म्हणजे परिणामाचा विचार न करता कर्म करणे नव्हे, तर परिणाम साधण्यासाठी पूर्ण विचाराने कर्म करून त्या परिणामाची आसक्ती सोडणे होय. बागेच्या फळाकडे लक्ष न देणारा सल्लागार निष्काम नसून बेफिकीर ठरेल. खरा धोका दुसरीकडे आहे. फी बहाराशी बांधली की सल्लागाराच्या मनात यंदाच्या उत्पन्नाचा लोभ शिरतो, आणि झाडाला एक वर्ष विश्रांती द्यावी असे सांगण्याऐवजी तो आणखी एक भरघोस बहार धरायला लावतो. झाडाचे आयुष्य खर्ची घालून मिळवलेले फळ हे मूल्य नव्हे. वेळाप्रमाणे फी घेणाराही निर्दोष नसतो, कारण त्याला फेऱ्या वाढवण्यात हित दिसते. आणि जो सल्ला फुकट देऊन औषधे विकतो त्याच्या सल्ल्याची किंमत औषधाच्या बाटलीत लपलेली असते, ती सर्वांत महाग असण्याचा संभव मोठा. तिन्ही रीतींमध्ये लोभ वेगवेगळ्या दाराने आत येतो. कोणते दार उघडे आहे हे शेतकऱ्याला दिसावे, एवढी अपेक्षा तरी न्याय्य आहे.

मूल्य आणि गरज या दोन गोष्टींमधली रेषा याहून महत्त्वाची आहे. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस याने आपल्या सुम्मा थिऑलॉजिए या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीची चर्चा करताना ही रेषा फार स्पष्ट आखली. एखादी वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल तर तो त्या नुकसानीपुरती जास्त किंमत घेऊ शकतो. परंतु घेणाऱ्याला त्या वस्तूची निकड आहे म्हणून त्याचा लाभ मोठा असेल, तर तेवढ्यावरून विकणाऱ्याने किंमत वाढवू नये, कारण ती निकड विकणाऱ्याची नाही आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. या युक्तिवादाचा शेवटचा दुवा मूल्याधारित किमतीच्या मर्मावर बोट ठेवतो. बागेत तेल्याचे पहिले डाग दिसले, डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, मुलीचे लग्न ठरले आहे, आणि अशा वेळी शेतकरी सल्लागाराला फोन करतो. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने सल्ल्याचे मोल अमर्याद असते. सल्लागाराच्या ज्ञानात मात्र कालपेक्षा आज काही भर पडलेली नसते. वाढली ती शेतकऱ्याची असहायता, आणि ती सल्लागाराच्या मालकीची नाही. ज्ञानामुळे उपजलेल्या लाभात वाटा मागणे एक, आणि संकटामुळे चढलेल्या किमतीचा फायदा उठवणे दुसरे. दोन्हींना मूल्याधारित किंमत हे एकच नाव देणे ही भाषेची मोठी चूक आहे.

बौद्ध विनयपिटकातील जीवक या वैद्याची कथा या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगी आहे. तक्षशिलेहून शिकून परतताना साकेत नगरात तो एका श्रेष्ठीच्या पत्नीची सात वर्षांची डोकेदुखी बरी करतो, तेव्हा आधी काही न घेता ‘बरी झाल्यावर वाटेल ते द्या’ अशी अट घालतो, आणि तिच्या कुटुंबाकडून त्याला १६,००० कार्षापण मिळतात. पुढे राजगृहात ज्याच्या जगण्याची आशा सुटली आहे असा एक श्रेष्ठी, बरे केल्यास आपली सर्व संपत्ती देऊन दास होण्याची तयारी दाखवतो. बरे झाल्यावर तो शब्द पाळायला उभा राहतो, पण जीवक सर्वस्व घेत नाही. एक लाख राजाला आणि एक लाख स्वतःला एवढेच मागतो. ही रक्कम काही लहान नव्हे आणि जीवकाला विरक्त म्हणण्याचे कारणही नाही. मात्र मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने बोललेली किंमत ही खरी किंमत नव्हे, हे त्याने ओळखले आणि बरा झालेला माणूस सुखाने देऊ शकेल एवढ्यावर तो थांबला. संकटात दिलेले वचन संकट टळल्यावर पुन्हा तपासून घेण्याची ही रीत आजच्या कोणत्याही व्यवसायशिक्षणात आढळत नाही, आणि ती असायला हवी.

जे आपले नाही ते विकू नये, हे सूत्र वारकरी परंपरेत वेगळ्या वाटेने आले आहे. तुकोबांनी हरिकथेसाठी पैसे देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांचाही कठोर शब्दांत निषेध केला. ते स्वतः वाण्याचा व्यवसाय केलेले होते, मोल-भाव जाणणारे होते, त्यामुळे हा निषेध व्यवहाराविषयीच्या अज्ञानातून आलेला नाही. कीर्तनकार जे देतो ते नाम त्याच्या मालकीचे नाही. ते त्याला संतांकडून मिळाले आणि श्रोत्याचेही तितकेच आहे, हा त्यामागचा विचार. गावोगावच्या सप्ताहांमध्ये कीर्तनाच्या बिदागीचे आकडे आज ज्या पातळीला गेले आहेत ते पाहता, हा निषेध कानाआड झाला असे दुःखाने म्हणावे लागते. तथापि बागेच्या सल्ल्याला तो सरळ लावता येत नाही. शेतीचे ज्ञान हे नामासारखे संपूर्णपणे सर्वांचे नाही आणि एकट्या सल्लागाराचेही नाही. भगवा हा डाळिंबाचा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून आला. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. ही दोन्ही सार्वजनिक पैशावर चालणारी ठिकाणे आहेत. सल्लागाराचा अनुभवही ज्यांनी आपल्या बागा त्याच्या हाती दिल्या अशा शेकडो शेतकऱ्यांच्या यशापयशातून साठलेला असतो, आणि त्यांपैकी काहींनी त्या शिकवणीची किंमत बाग गमावून मोजलेली असते. जे सार्वजनिक आहे ते सांगण्याची फी ही केवळ पोचवण्याची मजुरी असावी. जी पारख त्याने स्वतः कमावली तिच्यापुरता वाट्याचा दावा टिकतो.

याहून मूलगामी विरोध विनोबांच्या विचारातून उभा राहतो. देवळ्यापासून फार लांब नसलेल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. शरीरश्रमाला बौद्धिक कामापेक्षा हलके न मानणारी विनोबांची दृष्टी पुढे पवनारच्या कांचनमुक्तीच्या प्रयोगात, म्हणजे पैशावाचून श्रमावर जगण्याच्या प्रयत्नात, उतरली. तिच्या मागे गांधीजींनी १९०४ मध्ये वाचलेल्या जॉन रस्किनच्या पुस्तकातून घेतलेले तत्त्व होते की वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, कारण पोट भरण्याचा हक्क दोघांचा सारखा आहे. या दृष्टीने पाहता बागेत सल्ला देणारा आणि त्याच बागेत फळे विरळणारी मजूर बाई यांच्या मोबदल्यातील अंतरच अन्याय्य ठरते. बहार वाचला त्यात तिच्या हातांचा वाटा नव्हता काय, आणि मग मूल्याचा अंश एकट्या सल्लागारालाच का? गीतेतील पाच कारणांचा हिशेब प्रामाणिकपणे केला तर ‘चेष्टा’ या सदराखाली तिचे नाव लिहावेच लागते. उदरनिर्वाहाचा समान हक्क मान्य करूनही ज्ञानाला वेगळा वाटा देता येईल, पण तो वाटा तिची मजुरी दाबून दिलेला असता कामा नये, एवढी अट विनोबांचा विचार मूल्याधारित किमतीवर निश्चित घालतो.

फळाशी बांधलेला मोबदला स्वतःहून न्याय्य होतो असे समजण्याचेही कारण नाही, हे महाराष्ट्राच्या खेड्याने पाहिलेले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गावगाड्यात वर्णिलेली बलुत्याची पद्धत, जिच्यात सुतार, लोहार, चांभार, महार आदींना खळ्यावर पिकाचा हिस्सा मिळे, ही वरवर पाहता वाट्याचीच पद्धत होती. पण वाटा किती हे घेणाऱ्याने ठरवायचे नव्हते आणि काम नाकारण्याची त्याला मोकळीक नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते याच बंधनाविरुद्ध, आणि ती वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. आपल्या कामाचे मोल स्वतः सांगता येणे ही एका मोठ्या समाजाला लढून मिळवावी लागलेली गोष्ट आहे. म्हणून एखादा तरुण सल्लागार, विशेषतः ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने मोल ठरवले असा, जेव्हा आपल्या फीचा आकडा संकोच न करता सांगतो, तेव्हा त्यात केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. मोल सांगण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना असावा, नाकारण्याचा अधिकारही दोन्ही बाजूंना असावा. या दुसऱ्या अधिकारावाचून पहिला पोकळ आहे.

राहता राहिला प्रश्न ज्ञान देणाऱ्याने कोठे थांबावे याचा. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्याच्या एकेका उत्तरावर प्रसन्न होऊन हजार गायी देऊ करतो, आणि याज्ञवल्क्य प्रत्येक वेळी पित्याचे मत सांगून थांबतो की पुरते शिकवल्याशिवाय काही घेऊ नये. कालिदासाच्या रघुवंशात वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेचा हट्ट धरतो, तेव्हा त्याच्या सेवेने संतुष्ट असलेला गुरू रागावून चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागतो. त्या मागायला कौत्स रघू राजाकडे जातो. कुबेराकडून आलेली सारी संपत्ती रघू देऊ करतो, पण कौत्स चौदा कोटींपलीकडे एक मुद्रा घेत नाही आणि रघू उरलेली परत ठेवून घ्यायला तयार होत नाही. या दोन कथांत किंमत लहान नाही, पण तिला आधी ठरलेली कड आहे आणि काम पुरे झाल्याची खूण आहे. देवळ्याच्या बांधावर याचा अर्थ असा होतो की सल्लागाराने आधार फी म्हणून आपल्या फेऱ्यांचा आणि वेळाचा माफक मोबदला घ्यावा, जो बहार बुडाला तरी त्याचाच राहील. त्यावर वाटा हवा असेल तर तो वाढलेल्या मालाचाच असावा, त्याला वरची मर्यादा असावी, आणि माल मोजताना शेजारच्या दोन-तीन बागांचे माप समोर ठेवावे, म्हणजे जाणकारांनी मोल ठरवण्याची कौटिल्याची अटही पाळली जाईल. सल्ला चुकीचा ठरून नुकसान झाले तर आधार फीवरचा हक्कही शंकास्पद होतो, कारण तेव्हा पुरते शिकवलेच गेले नाही. गारपिटीने नुकसान झाले तर मात्र सल्ल्याचा दोष नाही, आणि ठरलेली आधार फी बुडवणाऱ्या शेतकऱ्याला चरकाचे वचन लागू पडते.

हे सारे बोलणे केव्हा व्हावे, यालाही महत्त्व आहे. ताण देण्यापूर्वी बाग मोकळी असते, शेतकऱ्याला दुसऱ्या सल्लागाराकडे जाता येते, बहारच न धरण्याचा निर्णयही घेता येतो. एकदा पानगळ करून पहिले पाणी सोडले की झाड थांबत नाही आणि कर्जही थांबत नाही. त्यानंतर सांगितलेला प्रत्येक आकडा, तो कितीही रास्त असला, तरी अडलेल्या माणसाला सांगितलेला आकडा असतो. म्हणून दोघांनी बसून वाट्याचा कागद लिहायचा तो झाडाचे पाणी तोडण्याच्या आधी, बागेत उभे राहून, आणि त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या घरात ठेवून.